कंसातल्या टाळ्या आणि दाटलेला कंठ : संसदेच्या चर्चांचा मोफत संग्रह वापरून पाहताना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करते आहे. या काळात एक अडचण मला दरवर्षी भेटते. भावनेने बोलायचे म्हणजे आवाज चढवायचा, मूठ आपटायची आणि शेवटी एखादी चारोळी म्हणायची, असे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. आणि ज्यांना हे जमत नाही त्यांची समजूत अशी की वादात भावनेला जागाच नाही, तिथे फक्त आकडे आणि कलमे चालतात. मला दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात, पण नुसते सांगून ते पटत नाही. म्हणून यंदा जून महिन्यापासून आठवड्यातून दोन दिवस आम्ही संसदेतील मूळ चर्चाच वाचायच्या आणि पाहायच्या असे ठरवले. त्यासाठी वापरलेल्या दोन सार्वजनिक सेवांचे, म्हणजे लोकसभा सचिवालयाच्या संसद डिजिटल ग्रंथालयाचे आणि संसद टीव्हीच्या ध्वनिचित्रफितींचे, हे परीक्षण आहे. या सेवांचे सगळे पैलू मी तपासलेले नाहीत. सभागृहात वाद चाललेला असताना भावना नेमके कोणते काम करते, हे शोधणाऱ्याला त्या किती उपयोगी पडतात, एवढ्यापुरतेच हे लिहिते आहे.

व्यवहाराची माहिती आधी देते. दोन्ही सेवांना पैसे पडत नाहीत. डिजिटल ग्रंथालयात लोकसभेच्या १९५२ पासूनच्या चर्चा आहेत, संविधान सभेच्या चर्चा आहेत आणि स्वातंत्र्यपूर्व केंद्रीय विधिमंडळांची जुनी इतिवृत्तेही आहेत. लोकसभेचा क्रमांक, अधिवेशन, तारीख किंवा सदस्याचे नाव यांवरून शोध घेता येतो. अनुभवाने सांगते की विषयाच्या शब्दावरून शोधण्यापेक्षा तारीख हाताशी घेऊन शोधणे फार सोयीचे जाते. तेव्हा आधी चरित्रातून किंवा जुन्या वर्तमानपत्रातून तारीख काढावी आणि मग इथे यावे. जुने खंड छापील पानांवरून प्रतिमा घेऊन चढवलेले आहेत, त्यामुळे पान उलटताना कागदाचा पिवळेपणा आणि टंकाची ठेवणसुद्धा दिसते. मला ती जपणूक आवडली. संसद टीव्ही ही वाहिनी १५ सप्टेंबर २०२१ रोजी लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही एकत्र करून सुरू झाली, आणि तिच्या फिती फोनवरही सहज पाहता येतात.

आता मुख्य विषयाकडे येते. आम्ही सुरुवात केली ती १७ डिसेंबर १९४६ या दिवसापासून. संविधान सभा सुरू होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती, मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेले नव्हते, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी अशी दुरुस्ती सुचवली होती की लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत हा ठराव थांबवावा. सभागृहातल्या बहुसंख्य सदस्यांना ही सूचना रुचलेली नव्हती. अशा वेळी अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी अचानक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस नावे होती, आज बोलावे लागेल असे वाटले नव्हते, तयारीही नाही आणि वेळ दहाच मिनिटांचा आहे, हे बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. काँग्रेसचे कट्टर विरोधक म्हणून ओळखला जाणारा हा माणूस आता काय बोलणार, याकडे सगळ्यांचे कान लागलेले असणार.

पुढचे पान मी वर्गात तीन वेळा वाचून घेतले. बाबासाहेब आधी ठरावाची चिरफाड करतात. समाजवादी म्हणून ख्याती असलेल्या नेहरूंकडून आलेला हा ठराव आपल्याला फार निराशाजनक वाटतो, असे स्पष्ट सांगतात. हा भाग कोरडा आणि वकिली थाटाचा आहे. मग ते थांबतात आणि म्हणतात, की आज आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्टीने विभागलेले आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्या आहोत, आणि अशाच एका छावणीचा मी बहुधा एक पुढारी आहे, हेही मी कबूल करतो. तरीही वेळ आणि परिस्थिती मिळाली तर हा देश एक होण्यापासून जगातली कोणतीही शक्ती त्याला रोखू शकणार नाही. या वाक्यानंतर छापील पानावर कंसात टाळ्यांची नोंद आहे. आपण सगळ्या जातीपंथांसह कोणत्या ना कोणत्या रूपात एक जनता होऊ, या पुढच्या वाक्यानंतर कंसात हर्षध्वनीची नोंद आहे. फाळणी मागणारी लीगसुद्धा एक दिवस संयुक्त हिंदुस्थानच आपल्या हिताचा आहे असे मानू लागेल, असे ते म्हणतात तेव्हा कंसात मोठा हर्षध्वनी आणि टाळ्या दोन्ही एकत्र येतात.

हे तीन कंस म्हणजे या संग्रहातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मी म्हणेन. वक्त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. पण नाराज सभागृह पायरीपायरीने त्याच्याकडे कसे वळले, हे त्या तीन नोंदींच्या चढत्या क्रमावरून कळते. त्याहून महत्त्वाचे ते पुढे घडते. सभागृहाचे मन जिंकल्यावर बाबासाहेब त्या टाळ्यांवर थांबत नाहीत. त्याच आपुलकीच्या बळावर ते सभेच्या गळी न उतरणारी गोष्ट उतरवू पाहतात, ती म्हणजे विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या, त्यांना स्वखुशीने बरोबर येऊ द्या, हा ठराव थांबवा. बळाचा उपयोग तात्पुरता असतो, हे ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कचे वचन ते इथेच वाचून दाखवतात. राष्ट्राचे भवितव्य ठरवताना पुढाऱ्यांच्या आणि पक्षांच्या प्रतिष्ठेला काही किंमत देऊ नये, हेही ते इथेच म्हणतात. हे सगळे आधी म्हटले असते तर ते लीगची बाजू घेतल्यासारखे ऐकू आले असते. मी या छावण्यांपैकीच एका छावणीचा आहे, ही कबुली आधी आल्यामुळे पुढचा सल्ला आपल्या माणसाचा सल्ला ठरला. ठराव पुढे जानेवारीत गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. भावना युक्तिवादाच्या बाजूला उभी नसते, ती युक्तिवादाला वाट करून देते, हे मुलांना समजावण्यासाठी मला याहून चांगले पान सापडलेले नाही.

त्याच आठवड्यात, १९ डिसेंबरला, आदिवासींचे नेते जयपालसिंग मुंडा बोलले. मी रानटी, मी आदिवासी, ठरावातली कायद्याची गुंतागुंत मला समजणे अपेक्षितच नाही, अशा अर्थाने त्यांनी सुरुवात केली आणि जो शब्द शिवी म्हणून वापरला जात होता तो सभागृहाच्या मध्यभागी आणून ठेवला. हेही भाषण शेजारी ठेवून वाचावे. दुखावलेपण सांगताना आवाज चढवावा लागतोच असे नाही, हे त्यातून कळते.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी मात्र या ग्रंथालयातले सर्वांत जवळचे पान जुलै १९५६ चे आहे. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिल्यानंतर लोकसभेत केलेले निवेदन ते हे. देशमुख म्हणजे आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मेघदूताचा मराठीत अनुवाद करणारे रसिक संस्कृतज्ञ. कुलाबा मतदारसंघातून ते निवडून आलेले होते, पण जाहीर सभांमध्ये रमणारा हा माणूस नव्हता. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय, तो जाहीर करण्याची पद्धत आणि मुंबईत झालेल्या गोळीबाराची चौकशी करण्यास सरकारने दिलेला नकार, हे त्यांच्या निवेदनाचे मुख्य मुद्दे. महाराष्ट्राविषयी आकस असल्याचा जो आरोप त्यांनी त्या वेळी केला, तो आमच्या घरी आजोबा तोंडपाठ असल्यासारखा सांगत असत. त्यांच्या सांगण्यावरून माझी अशी कल्पना झाली होती की देशमुख सभागृहात कडाडले असतील.

प्रत्यक्ष निवेदन वाचताना कडाडणे कुठेच सापडत नाही. वाक्ये लांब, तोलून मापून लिहिलेली आणि प्रशासकाच्या टिपणासारखी क्रमवार आहेत. प्रश्न प्रक्रियेचा आहे, मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीचा आहे, असे ते पुन:पुन्हा दाखवतात. पण ज्या ठिकाणी गोळीबाराचा आणि चौकशीचा विषय येतो, तिथे त्या शिस्तशीर गद्याखाली काहीतरी पेटलेले आहे हे वाचणाऱ्याला जाणवल्याशिवाय राहत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने हे पान मोठ्याने वाचले तेव्हा ती आपोआप हळू झाली. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. पोटतिडीक हा शब्द आपण फार सहज वापरतो आणि तिचा संबंध हमखास घशाशी जोडतो. देशमुखांच्या निवेदनात ती पोटातच राहिली आहे, आणि म्हणून ती सत्तर वर्षांनंतरही टिकली आहे, असे माझे मत आहे.

इथे एका नियमाची माहिती असली तर वाचन अधिक चांगले होते. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतील नियम १९९ प्रमाणे राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने वैयक्तिक निवेदन करता येते, मात्र त्याची प्रत आधी द्यावी लागते आणि त्या निवेदनावर चर्चा होत नाही. सरकारच्या वतीने एखादा मंत्री त्याला धरून निवेदन करू शकतो. म्हणजे माणसाच्या मनातली सर्वांत मोठी खळबळ ज्या क्षणी सभागृहासमोर यायची, त्या क्षणासाठीच नियमांनी सर्वांत कडक चौकट आखली आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेबांनाही निवेदनाच्या प्रतीवरूनच अडवले गेले, आणि ते सभागृहातून निघून गेले. त्यांचे ते निवेदन आज आपण वाचतो ते सभागृहाबाहेर प्रसिद्ध झालेले म्हणून. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली की नियम आणि भावना यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे ते ध्यानात येते. चौकटीमुळे देशमुखांचे निवेदन धारदार झाले, आणि तशाच चौकटीमुळे बाबासाहेबांचे निवेदन सभागृहाच्या कानांवरच पडले नाही. मला या दुसऱ्या गोष्टीची खंत वाटते, आणि ती वाटायला हवी असेही वाटते.

आमच्या भागातील मुले साहजिकच बॅरिस्टर नाथ पै यांची भाषणे शोधतात. वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापूरमधून लोकसभेवर गेले. मूलभूत हक्कांत संसदेला काटछाट करता येणार नाही, या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी त्यांनी १९६७ मध्ये खासगी विधेयक आणले होते, आणि त्यावरील चर्चा ग्रंथालयात मिळते. ते विधेयक मंजूर होऊ शकले नाही. लोकसभा विसर्जित झाली आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पैही गेले. त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला ती माणसे गावात आजही आहेत, आणि त्या आवाजाबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून येतात. त्या काळी सभागृहाचे चित्रप्रक्षेपण नव्हते. कागदावर आपल्याला व्यासंग मिळतो, युक्तिवादाची बांधणी मिळते, मधूनच आडवे येणाऱ्या सदस्याला दिलेले तत्पर उत्तर मिळते. आवाज तेवढा गावातल्या माणसांकडूनच मिळवावा लागतो. मी मुलांना दोन्ही करायला सांगितले, आधी पान वाचायचे आणि मग शेजारच्या आजोबांकडे जाऊन बसायचे.

नव्या काळातील इतिवृत्ताकडे वळले की चित्र बदलते. लोकसभेच्या अलीकडच्या पानांवर जी नोंद सर्वांत जास्त वेळा दिसते ती म्हणजे कंसातले ‘व्यवधान’, म्हणजे बोलण्यात आलेला अडथळा. एखाद्या गरमागरम दिवसाचे पान उघडले तर दोन ओळी भाषण, मग व्यवधान, पुन्हा एक ओळ, पुन्हा व्यवधान, असा रकानाच्या रकाना जातो. त्या एका शब्दात राग, थट्टा, दुःख आणि निव्वळ गोंगाट हे सगळे सारखेच बसवलेले असते. १९४६ च्या पानावर टाळ्या, हर्षध्वनी आणि मोठा हर्षध्वनी यांत फरक केला जात होता. इथे तो नाही, आणि भावनेचा अभ्यास करणाऱ्याला ही उणीव सतत जाणवते. नियम ३८० प्रमाणे अध्यक्षांनी बदनामीकारक, अशिष्ट, असंसदीय किंवा सभागृहाला न शोभणारे ठरवलेले शब्द कामकाजातून काढून टाकले जातात, आणि नियम ३८१ प्रमाणे त्या जागी तारका छापून तळटीप दिली जाते. हा नियम मला योग्य वाटतो. सभागृहात नसलेल्या माणसाला तिथल्या शब्दांना उत्तर देता येत नाही आणि घटनेच्या अनुच्छेद १०५ प्रमाणे सदस्यावर त्याबद्दल खटलाही चालत नाही, मग कोणीतरी कात्री चालवायलाच हवी. शिवाय तारका प्रामाणिक असतात. इथून काहीतरी गेले आहे हे त्या लपवत नाहीत.

भाषेचा मुद्दाही इथेच सांगितला पाहिजे. अनुच्छेद १२० प्रमाणे संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते, आणि ज्याला या भाषांत नीट बोलता येत नाही त्याला आसनाच्या, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्षांच्या किंवा सभापतींच्या, परवानगीने मातृभाषेत बोलता येते. आता सदस्यांसाठी मराठीसह अनेक भाषांतून तत्काळ भाषांतराची सोय आहे. पण जुन्या खंडांत प्रादेशिक भाषेतील भाषण बहुतेक वेळा इंग्रजी भाषांतराच्या रूपानेच येते, आणि मूळ भाषण अमुक भाषेत झाले एवढी टीप तळाशी असते. दुष्काळावर, उसाच्या दरावर किंवा सीमाप्रश्नावर माणूस आपल्या भाषेत उभा राहतो तो शब्दांसाठीच. भाषांतरात मागणी शिल्लक राहते आणि कळवळा निघून जातो. अशी पाने वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता ध्वनिचित्रफितींबद्दल. आपल्या नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मन खरोखर हलल्याशिवाय शरीरावर न उमटणाऱ्या या खुणा. कागद त्या नोंदवू शकत नाही, कॅमेरा नोंदवू शकतो. ९ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत विरोधी पक्षनेते गुलाम नबी आझाद यांना निरोप देताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा कंठ दाटून आला. काश्मीरमध्ये गुजराती पर्यटकांवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर, तेव्हा तिथले मुख्यमंत्री असलेल्या आझादांनी केलेला फोन त्यांना आठवला होता. ते थांबले, पाणी प्याले, पुन्हा बोलू लागले आणि पुन्हा थांबले. त्यांच्यानंतर बोलताना आझादही गहिवरले. त्याच वर्षी ११ ऑगस्टला आदल्या दिवशीच्या गोंधळाबद्दल बोलताना राज्यसभेचे तेव्हाचे सभापती वेंकय्या नायडू यांचाही गळा दाटून आला. या दोन्ही प्रसंगांचे छापील पान वाचा आणि मग फीत पाहा. पानावर फक्त वाक्ये आहेत, प्रसंगाचा अर्धा भाग वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे.

थांबण्याचे महत्त्व समजून घेण्यासाठी आणखी मागे जायचे तर मे १९९६ मधील विश्वासदर्शक ठरावावरील चर्चा पाहावी. दूरदर्शनने ती थेट दाखवली होती. मी तेव्हा शाळेत होते, आणि शेजाऱ्यांच्या घरी दूरदर्शन संचासमोर उभ्याने ती पाहिल्याचे मला आठवते. तेरा दिवसांचे सरकार पडणार हे सगळ्यांना ठाऊक होते, स्वतः अटलबिहारी वाजपेयींनाही. सरकारे येतील आणि जातील, पक्ष बनतील आणि मोडतील, पण हा देश राहिला पाहिजे, असे ते म्हणतात तेव्हा त्या वाक्यापेक्षा त्याच्या आधीची शांतता अधिक बोलते. आकड्यांनी हरलेला वक्ता त्या दिवशी सभागृहापलीकडच्या श्रोत्याशी बोलत होता, आणि शेवटी मतदानाची वाट न पाहता राजीनामा द्यायला निघाला. इथे एक बदल मुलांच्या लगेच लक्षात आला. १९४६ मध्ये बाबासाहेबांना समोर बसलेल्या सदस्यांचे मन वळवायचे होते. १९९६ मध्ये घराघरांत बसलेले लोक हे खरे श्रोते झाले होते. प्रक्षेपणाने भावना वाढवली की कमी केली, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. तिचा पत्ता बदलला, हे मात्र या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसते.

चित्रफितींची मर्यादा अशी की कॅमेरा बोलणाऱ्याकडे असतो आणि गोंधळ वाढला की बहुतेक वेळा आसनाकडे वळतो. सभागृहाची शोभा राखण्यासाठी ही पद्धत ठेवलेली आहे, आणि तिच्यामागचे कारण मला समजते. पण वाद हा दोघांचा असतो. ज्याच्यावर शब्द पडले त्याचा चेहरा दिसला नाही तर भावनेचे अर्धे माप हाती येते. २२ जुलै २००८ रोजी अणुकरारावरून आलेल्या विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत मतांसाठी लाच दिल्याचा आरोप करत नोटांची पुडकी सभागृहात दाखवली गेली. सगळ्यांच्या स्मरणात तीच राहिली, आणि ठराव २७५ विरुद्ध २५६ असा मंजूर झाला. त्याच चर्चेत ओमर अब्दुल्ला यांनी, मी मुसलमान आहे आणि भारतीय आहे आणि या दोहोंत मला फरक दिसत नाही, असे सांगणारे छोटे भाषण केले. काही मिनिटांचे ते भाषण मी मुलांना दाखवले तेव्हा एकाने विचारले, की त्या वेळी समोरची बाके काय करत होती? फितीवरून त्याचे पूर्ण उत्तर देता येत नाही.

एक प्रसंग मुद्दाम सांगते, कारण या सेवांची खरी किंमत मला त्यातून कळली. ऑगस्टमध्ये एक विद्यार्थी फोनवर पन्नास सेकंदांचा तुकडा घेऊन आला. एका वृत्तवाहिनीने तो फिरवला होता. त्यात एक खासदार संतापून, बोट रोखून बोलताना दिसत होते, आणि हे पाहा भावनेच्या भरात तोल गेला, असे त्या विद्यार्थ्याचे म्हणणे होते. आम्ही त्या दिवसाचे संपूर्ण इतिवृत्त उघडले. खासदार तेवीस मिनिटे शांतपणे, तक्ते आणि तारखा देत बोलले होते. मधे चार वेळा व्यवधान होते. आणि तो संताप म्हणजे त्यांच्या मतदारसंघातील मृतांविषयी कोणीतरी काढलेल्या शब्दांना दिलेले उत्तर होते. ते शब्द पानावर तारकांच्या रूपाने होते. मुलगा बराच वेळ त्या तारकांकडे बघत बसला, आणि मग त्याने तो तुकडा स्वतःच्या फोनमधून काढून टाकला. त्याला मी काहीच म्हटले नव्हते.

तेव्हा माझी शिफारस अशी आहे. वादविवादाची तयारी करणारे विद्यार्थी, मराठीचे आणि राज्यशास्त्राचे शिक्षक, वार्तांकन करणारे तरुण पत्रकार आणि घरी वर्तमानपत्र नीट वाचणारा कोणीही माणूस, या सर्वांनी या दोन्ही सेवा वापराव्यात, आणि शक्य असेल तिथे एकाच चर्चेसाठी दोन्ही एकत्र वापराव्यात. आधी पान, मग फीत, हा क्रम मला योग्य वाटतो. फीत आधी पाहिली की आपण वक्त्याच्या आवाजाच्या ताब्यात जातो आणि नंतर पानावरचा युक्तिवाद नीट तपासत नाही. कोणाला घाई असेल तर त्याने २५ नोव्हेंबर १९४९ चे एकच भाषण वाचावे. संविधान पूर्ण होत आल्यावर बाबासाहेबांनी दिलेला इशारा त्यात आहे, की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. भावनेने ओथंबलेल्या त्या भाषणात एका भावनेविरुद्धच सावध केलेले आहे. अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे कोणतीही आकांक्षा न धरता आपण या सभेत आलो होतो, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितले आहे, आणि ते वाचताना सतरा डिसेंबरच्या त्या कबुलीची आठवण येतेच.

सेवेत काय वाढावे असे विचारले तर मी दोन गोष्टी मागेन. प्रादेशिक भाषेतील मूळ भाषणे त्या त्या लिपीत, भाषांतराच्या शेजारी मिळावीत; आणि इतिवृत्तात हशा, टाळ्या, सभात्याग यांची वेगवेगळी नोंद पूर्वीसारखी सढळ हाताने व्हावी. एवढे झाले तर पुढच्या पिढीतल्या वाचकाला आजचे सभागृह ऐकू येईल.

गेल्या शुक्रवारी देशमुखांचे निवेदन वाचून झाले तेव्हा वर्गात कोणी काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, यावर नेहरू काय म्हणाले?” नेहरूंनीही आपली बाजू सभागृहात मांडली होती. पुढच्या तासाला आम्ही ते पान काढणार आहोत.